तीन रिंगा आणि एक सुई

हा कॅमेरा उचलला की डावा हात आपोआप त्याच्या खाली जातो. तळहातावर बूड टेकतं, अंगठा आणि तर्जनी लेन्सला वेढतात आणि तिथे त्यांना तीन रिंगा सापडतात. सगळ्यात पुढे, काचेच्या कडेशी, ॲपर्चरची. मध्ये फोकसची, रबर चढवलेली. आणि सगळ्यात मागे, लेन्स जिथे कॅमेऱ्याच्या अंगाला मिळते तिथे, शटरच्या वेगाची. तिला दोन बाजूंना दोन उंचवटे, चिमटीत येतील असे. डोळे मिटूनही कुठली कुठली ते कळतं. उजव्या हाताला त्या मानाने काम थोडं. त्याने कॅमेरा धरायचा, अंगठ्याने रोल एक घर पुढे ओढायचा आणि वेळ आली की तर्जनीने बटण दाबायचं. ‘किती’ हे सगळं डाव्या हाताचं, ‘केव्हा’ तेवढं उजव्याचं.

कॅमेरा ऑलिंपसचा, ओएम-१. माझे काका व्यापारी जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरीला होते. १९७८ साली जहाज योकोहामाला लागलं तेव्हा त्यांनी हा घेतला, ५० मिलिमीटरच्या एकाच झुइको लेन्ससकट. घरात त्याला कुणी कधी कॅमेरा म्हटलं नाही. ‘ओम आण गं आतून,’ असंच काका म्हणायचे. दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला आणि एवढंच सांगितलं, की पट्टा गळ्यात असल्याशिवाय हातात घ्यायचा नाही.

कवितेचं रसग्रहण शिकवताना आमच्या मराठीच्या बाई एक प्रश्न हमखास विचारायच्या: कवीने काय लिहिलं ते सगळ्यांना दिसतं, काय लिहायचं टाळलं ते सांगा. यंत्राचं रसग्रहण करायला बसले आणि पुन्हा तोच प्रश्न समोर आला. कारण या यंत्रालाही कर्ता आहे, आणि त्याने काय काय टाळलं ते बोटांना कळतं.

त्या कर्त्याचं नाव योशिहिसा मायतानी. १९५६ साली ते ऑलिंपसमध्ये रुजू झाले आणि तीनच वर्षांत, १९५९ साली, त्यांचा ‘पेन’ बाजारात आला. किंमत ६,००० येनांच्या आसपास राहिली पाहिजे असं ठरवून केलेला हा खिशात मावणारा कॅमेरा. नेहमीच्या एका चौकटीच्या जागेत तो दोन फोटो बसवायचा, म्हणजे ३६ च्या रोलमध्ये ७२. रोल जपून वापरणाऱ्या साध्या कुटुंबांना मनाजोगे फोटो काढता यावेत, हा त्यामागचा विचार. मायतानी स्वतः तरुणपणापासून लायका वापरणारे. उत्तम यंत्र हातात कसं लागतं ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते किती जणांना परवडत नाही तेही. मला वाटतं, पुढचा सगळा माणूस या दोन गोष्टींतून घडला.

एसएलआर कॅमेरा करायची वेळ आली तेव्हा त्या जातीच्या कॅमेऱ्यांबद्दल त्यांच्या तीन तक्रारी होत्या: मोठे, जड आणि आवाज करणारे. या तक्रारी तशा रास्तच. एसएलआरमध्ये लेन्समागे आरसा बसवावा लागतो आणि वर पाच बाजूंचा काचेचा लोलक, म्हणजे लेन्सला जे दिसतं तेच डोळ्याला सुलट दिसतं. आरसा आणि लोलक म्हटलं की जागा गेली, वजन वाढलं, आणि आरसा वर आपटला की आवाज झाला. मायतानींनी प्रत्येक भागाकडे जागेचा हिशेब मागितला. शटरचे पडदे ओढणाऱ्या फितींच्या जागी दोऱ्या आल्या. शटरचा वेग सांभाळणारी चाकांची यंत्रणा एरवी वरच्या अंगाला, बटणाजवळ असते. ती त्यांनी आरशाच्या पेटीखाली तळाशी नेली. तिचं नियंत्रण मग लेन्सच्या बुडाशी आलं. १९७२ साली कॅमेरा बाहेर आला तेव्हा त्याचं नाव एम-१ होतं. लाइट्झ कंपनीने हरकत घेतली, कारण त्यांच्या लायकाची एम मालिका आधीपासून होती. म्हणून नावामागे ओ लागला आणि ओएम-१ झाला. नुसत्या कॅमेऱ्याचं वजन ५१० ग्रॅम. ५० मिलिमीटरची लेन्स लावली तरी काटा सातशेच्या अलीकडे थांबतो.

लेन्सभोवती शटरची रिंग ही कल्पना मायतानींच्याच डोक्यातून पहिल्यांदा निघाली असं नाही. निकॉनच्या निकोरमॅटवर ती १९६५ पासून होती. पण तिच्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेचं मायतानींनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. वरच्या उजव्या अंगाला, जिथे इतर कॅमेऱ्यांवर शटरची चकती असते, तिथे ओएम-१ वर चकती आहेच. मात्र ती फिल्मच्या वेगाची. रोल घालताना ती एकदा लावायची आणि रोल संपेपर्यंत विसरायची. चुकून फिरू नये म्हणून तिला वेगळा खटकाही दिला आहे. मोक्याच्या जागी रोज न लागणारी गोष्ट ठेवली, असा आक्षेप मी जाणत्या लोकांकडून ऐकला आहे. मला तो पटत नाही. त्या जागी उजव्या तर्जनीला चाळा करण्यासारखं काही ठेवलं नाही, यातच मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर निवड दिसते. ते बोट बटणावर मोकळं राहतं. त्याला दुसरी जबाबदारी नाही, म्हणून ते वेळेवर असतं.

आता त्या रिंगांकडे पुन्हा येऊ, कारण खरी गोडी तिथे आहे. शटरच्या रिंगेवरचे आकडे १, २, ४, ८, १५, ३०, ६० असे दुप्पट होत १००० पर्यंत जातात. १२५ म्हणजे सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग. ॲपर्चरचे आकडे मात्र २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे विचित्र वाटतात. लेन्सच्या पोटातलं भोक एका आकड्यावरून पुढच्यावर गेलं की त्याचं क्षेत्रफळ निम्मं होतं, व्यास मात्र सुमारे १.४ पटीने कमी होतो. आकडे त्या १.४ च्या पटीत चालतात. म्हणजे दोन्ही रिंगांवरचं एक पाऊल सारख्याच तोलाचं. मात्रावृत्तात एका गुरूच्या जागी दोन लघू घातले तरी ओळीच्या मात्रा बदलत नाहीत, तसंच हे. १२५ ला ११, २५० ला ८, ५०० ला ५.६: तिन्हींत फिल्मवर पडणारा उजेड तेवढाच. पण चाल वेगळी. पहिल्यात जवळचा माड आणि लांबची होडी दोन्ही स्पष्ट येतील, तिसऱ्यात पळणारं वासरू जागच्या जागी थांबेल आणि मागचं सगळं धुसर होईल. मात्रा सांभाळून कुठे गुरू, कुठे लघू हे कवी ठरवतो. इथे ते डावा हात ठरवतो, अंगठ्याने एक रिंग एक घर पुढे आणि दुसरी एक घर मागे. हात बसला की दोन्ही टकटक एकाच वेळी होतात. फिल्मचा कॅमेरा म्हणजे संथपणा, निवांतपणा असं हल्ली फार बोललं जातं. ओएम-१ बद्दल मी ते मान्य करणार नाही. सवयीच्या हातात हा चपळ कॅमेरा आहे, तसाच तो घडवला आहे.

डोळ्याला काय दिसतं? व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की पहिल्यांदा जाणवते ती मोकळीक. चौकटीतला ९७ टक्के भाग दिसतो आणि ५० च्या लेन्समधून गोष्टी जवळजवळ आहेत त्याच आकाराच्या दिसतात, ०.९२ पट. दुसरा डोळा उघडा ठेवला तरी दोन्ही डोळ्यांतली दृश्यं भांडत नाहीत. मधोमध एक लहानसं वर्तुळ आहे, आडवं दुभंगलेलं. फोकस चुकला असेल तर उभी रेघ त्या वर्तुळात तुटते, वरचा तुकडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे. फोकसची रिंग फिरवत गेलं की तुकडे एकमेकांकडे सरकतात आणि रेघ सांधली जाते. दाराची चौकट, खांब, चष्म्याची कड, साडीचा काठ, जिथे उभी रेघ असेल तिथे हे काम चटकन होतं. लोकांच्या चेहऱ्यांत मी नकळत उभ्या रेघा शोधायला शिकले ते या वर्तुळामुळे. नाकाची बाजू, कपाळावरची एखादी आठी, कानावरून आलेली बट.

आणि डाव्या कडेला, खाली, एक सुई. एवढंच. शटरचा आकडा नाही, ॲपर्चरचा आकडा नाही, दिवा नाही. अधिक आणि उणे अशा दोन खुणांमध्ये सुई आली की उजेड बरोबर. सुई वर गेली तर जास्त, खाली आली तर कमी. मी खूप वर्षं याला उणीव समजत होते. आत आकडे दिसले असते तर कॅमेरा डोळ्यापासून काढायला नको, असं वाटायचं. नंतर कळलं की आकडे बोटांना आधीच माहीत असतात. रिंगेचे खटके मोजायचे, ज्या टोकापासून निघालो ते लक्षात ठेवायचं. डोळ्यासमोर वाचायला काही नसलं की तो समोरचा माणूसच बघत राहतो. बाई विचारायच्या त्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या कवितेतही चटकन सापडलं नसतं.

सुईवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. उजेड मोजणाऱ्या पेशी डोळा लावायच्या भिंगाच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या आहेत. त्यामुळे डोळा नीट टेकला नाही आणि सूर्य पाठीशी असला, तर मागून शिरलेला उजेड सुईला फसवतो. चष्मा लावणाऱ्यांना हे विशेष जाणवतं. मी डाव्या हाताचा आधार जरा वर सरकवून तळव्याने कडेचा उजेड अडवते. काका टोपी घालायचे.

दुसरी अडचण सेलची. कॅमेरा आखला गेला तेव्हा १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल मिळायचे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ते पुढे बंद झाले. साधा १.५ व्होल्टचा सेल घातला तर सुई उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवते आणि फोटो काळपट येतात. उपाय सापडला तो कानाच्या यंत्रात. श्रवणयंत्राचे जस्ताचे सेल हवेवर चालतात आणि त्यांचा दाब पाऱ्याच्या सेलच्या अगदी जवळ असतो. ६७५ नंबरचा सेल, भोवती एक बारीक रबरी कडी, की तो त्या खणात घट्ट बसतो. सेलवरचा चिकट कागद काढला की त्याच्या भोकांतून हवा आत जाते आणि तो जागा होतो. एकदा जागा झाला की वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. काकांच्या कानांनी इंजिनरूममध्ये तीस वर्षं काढली, त्याची किंमत त्यांना म्हातारपणी मोजावी लागली. आता त्यांच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत, आणि त्यांचा सेलही ६७५ च. रत्नागिरीला गेले की त्यांच्या टेबलावरच्या पाकिटातला एक सेल मी घेते. ते स्वतः काढून देतात, कागद सोलून.

सेल संपला तरी बिघडत नाही. शटर पूर्ण यांत्रिक आहे, सुई पडून राहिली तरी सगळे वेग चालतात. ‘द ऑब्झर्व्हर’साठी आयुष्यभर माणसांचे चेहरे टिपणाऱ्या ब्रिटिश फोटोग्राफर जेन बाऊन हाच कॅमेरा वापरायच्या आणि सुईकडे बघायच्याच नाहीत. स्वतःच्या हाताच्या पाठीवर उजेड कसा पडलाय ते बघायच्या. बहुतेक वेळा शटर ६० ला, ॲपर्चर २.८ ला, आणि खिडकीपाशी बसवलेला माणूस. त्यांची ही पद्धत वाचल्यापासून मीही आधी हात पुढे करते, मग सुई बघते. उन्हाचा हिशेब तर सगळ्यांना पाठ असतो: लख्ख ऊन असेल तर ॲपर्चर १६ ला आणि शटर फिल्मच्या वेगाच्या जवळच्या आकड्याला. ४०० ची फिल्म असेल तर ५००.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी हा हिशेब अगदी बरोबर मांडला होता. आजी खळ्यात आंब्याची साठं घालत होती. ताटांना तूप लावलेलं, त्यावर पिवळाधमक रस, आणि ती उकिडवी बसून वाटीच्या बुडाने तो कडेपर्यंत पसरवत होती. मी तिच्याभोवती फिरत एकामागून एक फोटो घेत होते. ३६ झाले, रोल संपला नाही. ३७, ३८. मला वाटलं, नशीब जोरावर आहे. ४० ला पोटात गोळा आला. देवघरातल्या काळोखात चादरीखाली कॅमेरा उघडून चाचपला तर फिल्मची जीभ चाकाच्या खाचेतून सुटून तशीच पडलेली. रोल जागचा हललाच नव्हता. पुढच्या मे महिन्यात आजी नव्हती.

काकांनी तेव्हा रागावण्याऐवजी मला शेजारी बसवलं आणि एक गोष्ट दाखवली. रोल घातला, मागचं दार लावलं की डावीकडच्या रिवाइंडच्या नॉबची दांडी उघडायची आणि हलक्या हाताने फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढायचा. मग उजव्या अंगठ्याने लिव्हर ओढताना नजर त्या नॉबवर ठेवायची. फिल्म सरकत असेल तर नॉब उलटा फिरतो. फिरला नाही, तर कॅमेरा रिकामाच वाजतोय. उजव्या हाताने ओढायचं आणि डाव्या बाजूला बघायचं. तेव्हापासून एकही रोल मी या पाहणीशिवाय सुरू केलेला नाही. प्रत्येक फोटोनंतरही माझी नजर तिकडे जाते.

आवाजाबद्दल सांगायचं राहिलं. आरसा वर जाऊन आदळू नये म्हणून मायतानींनी आत हवेचा गादीसारखा आधार दिला. बटण दाबलं की आरसा उठतो, ॲपर्चर ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटतं, रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे एकामागून एक आडवे धावतात, आरसा परत खाली येतो. हे सगळं मिळून एक मऊ ‘चुप्क’ ऐकू येतं. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखं काही नाही. कीर्तनात, आजाऱ्याच्या उशाशी, झोपलेल्या बाळाजवळ मी हा कॅमेरा वापरला आहे आणि कुणी मान वळवून पाहिलेलं नाही. दिवसभर इंजिनांच्या धडधडीत उभा राहणारा माणूस बंदरात उतरून दुकानात गेला आणि त्याने हा कॅमेरा निवडला, तो या आवाजासाठीच. काकांनी हे मला खूप उशिरा सांगितलं.

वय याही यंत्राला चुकलेलं नाही. लोलकाभोवती लावलेला स्पंज चाळीस वर्षांत विरघळून डांबरासारखा झाला आणि लोलकाच्या चांदीला खाऊ लागला. व्ह्यूफाइंडरच्या खालच्या अंगाला एक काळी सावली दिसू लागली. मागच्या दाराच्या बिजागरीपाशी उजेड शिरून काही रंगीत फोटोंवर तांबूस पट्टा आला. मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर तो खोलला. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, त्याने तासभर तो चिकटा काढला, दाराच्या खाचेत काळी लोकर बसवली. पडद्यांच्या दोऱ्या बोटाने दाखवून म्हणाला, ह्या अजून पहिल्याच आहेत बरं का. लोलकाची गेलेली चांदी परत येणार नव्हती. सावली तेवढी राहिली आहे. ती फोटोत येत नाही, फक्त बघणाऱ्याला दिसते.

गेल्या दिवाळीत ओटीवरच्या झोपाळ्यावर काका बसले होते, पायाने हलकेच झोका देत. संध्याकाळचे साडेपाच, ऊन गेलेलं, उजेड मात्र खळ्यावरून आत येत होता. हाताची पाठ पुढे धरली. मग सुई: ४०० च्या फिल्मला ६० आणि ४. झोपाळा सतत हलता, आणि ६० चा वेग हलत्या माणसाला पुरत नाही. पण झोका पुढच्या टोकाला पोचला की क्षणभर थांबतो. फोकस मी त्या टोकावर लावून ठेवला. काका मागे गेले की वर्तुळात त्यांच्या चष्म्याची कड दुभंगायची, पुढे आले की सांधली जायची, लगेच पुन्हा तुटायची. डाव्या हाताचं काम संपलं होतं. उजवं बोट बटणावर, थांबून.

तिसऱ्या की चौथ्या झोक्याला कड जुळली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कानातली यंत्रं काढून त्यांनी खिशात ठेवली होती. थोडा वेळ तसेच, चेहरा माझ्याकडे करून, ते झुलत राहिले. मग म्हणाले, “काढलास का गं?”

“काढला, काका,” मी मोठ्याने म्हटलं, आणि लिव्हर ओढली. डावीकडचा नॉब अर्धा वळसा उलटा फिरला. त्यांनीही तिकडेच पाहिलं.